चोळण्याआधी खुबा तपासा

मांडीच्या आतल्या बाजूला दुखतंय म्हटलं की आपल्याकडे तपासत कोणी नाही, सगळे चोळतात. 'शीर चढली', 'लचक भरली' म्हणायचं आणि तेलाची वाटी पुढे करायची. जागा अवघड, म्हणून रोगी लाजतो. डॉक्टरही विजारीवरूनच चाचपून गोळ्या लिहून मोकळा होतो. या लाजेचा आणि त्याहून जास्त या आळसाचा मला संताप आहे, कारण त्यात माणसांचे खुबे कायमचे जातात.

होय, खुबे. खुब्याच्या सांध्याला आणि मांडीच्या आतल्या बाजूला ऑब्च्युरेटर ही एकच नस जाते. म्हणून बिघाड खुब्यात असतो आणि कळ मांडीत येते, कधी थेट गुडघ्यात. 10 ते 16 वयाचा, अंगाने जाड मुलगा लंगडतो. गुडघ्याचा एक्स-रे काढतात, तो निर्दोष येतो आणि शाळा बुडवायचा बहाणा म्हणून पोराला दटावतात. इकडे त्याच्या मांडीच्या हाडाचा गोळा वाढीच्या जागेवरून घसरत असतो! पाय बाहेर वळलेला, आत वळवायला गेलं की कळ: हे पाहायला मिनिटही लागत नाही. अशा मुलाला त्या पायावर भार देऊ द्यायचा नाही, ताबडतोब शस्त्रक्रिया करून गोळा स्क्रूने जागीच पक्का करायचा. आणि आपण त्याला वजन उतरावं म्हणून मैदानाच्या फेऱ्या मारायला लावतो.

मोठ्यांमध्ये स्टेरॉइड आणि दारूमुळे त्याच गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो. कोविडमधून उठलेल्या तरुणांमध्ये हे दिसतंय, असं मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्येच सांगितलं होतं. सुरुवातीला एक्स-रे साफ असतो. एमआरआय करावा लागतो. तोवर बाम चोळण्यात महिने जातात.

ज्यांचा खरोखर स्नायूच दुखावलाय, त्या कबड्डीपटूंचीही फसवणूकच होते. पहिले एक-दोन दिवस बर्फ आणि विश्रांती ठीक. पण दुखणं जुनं झाल्यावर महिनोन्‌महिने मशीनचा शेक आणि मालिश कशासाठी? डेन्मार्कच्या हॉल्मिश यांनी 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याचा निकाल लावलाय. 68 खेळाडूंचे दोन गट. एकाकडून गुडघ्यांत चेंडू दाबण्यासारखे ताकदीचे व्यायाम करून घेतले. दुसऱ्याला मालिश, लेझर, ताणण्याचे व्यायाम. व्यायामवाल्या गटातले 23 जण दुखण्याशिवाय पूर्वीसारखे खेळू लागले. दुसऱ्या गटातले फक्त 4. तरीही पैसे मशीनवरच घेतले जातात, कारण व्यायाम शिकवायला रोग्याजवळ उभं राहावं लागतं.

आणि एकच पाय सुजलाय, गरम लागतोय, नुकतंच बाळंतपण, ऑपरेशन किंवा लांबचा प्रवास झालाय, तर त्या पायाला चोळणाऱ्याचा हात लागूच देऊ नका. आत रक्ताची गुठळी असेल तर ती फुप्फुसात जाऊन जीव घेऊ शकते. त्याच दिवशी इस्पितळ गाठा आणि डॉप्लर सोनोग्राफी करून घ्या.