बाँडची मुदत कोर्ट आधी संपवू शकतं, पण अर्ज कोणाचा चालतो?

कुरकुंभ : भांडणात पहिल्यांदाच सापडलेल्या पोराला कोर्टाने तुरुंगात न धाडता बाँडवर सोडलं, की घरचे फिरंगाईला नारळ फोडतात आणि केस मिटली असं धरून चालतात. केस मिटलेली नसते. शिक्षा फक्त बाजूला ठेवलेली असते.

हा बाँड १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याचा. (आपल्या मुंबई प्रांतात असा कायदा त्याच्याही आधी, १९३८ मध्येच आला होता.) कलम ४ प्रमाणे चांगल्या वागणुकीचा बाँड जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. कोर्टाला वाटलं तर सोबत परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख लागते, ती कमीत कमी एक वर्षाची. राहायचं कुठं, दारूपासून लांब राहायचं का, अशा अटी त्यात येतात. पोरगा एकवीसच्या आतला असेल आणि गुन्हा जन्मठेपेचा नसेल, तर त्याला तुरुंगात पाठवताना कोर्टाला कारणं लिहावी लागतात.

आता समजा, पोरगा सुधारला. कंपनीत कंत्राटी कामाला लागला, भांडणाची वाट सोडली. तरी मुदत संपेपर्यंत देखरेख चालूच ठेवायची का? कायदा म्हणतो, गरज नाही. कलम ८ च्या पोटकलम ३ प्रमाणे वागणूक पाहून देखरेखीची गरज उरली नाही अशी कोर्टाची खात्री पटली, तर कोर्ट बाँड मुदतीआधीच रद्द करू शकतं.

पण खरी मेख पुढे आहे. त्यासाठी अर्ज परिवीक्षा अधिकाऱ्याने करायचा असतो. पोराने किंवा त्याच्या बापाने करावा असं कलमात कुठंच नाही. म्हणजे पोरगा कितीही सरळ झाला, तरी अधिकाऱ्याने कागद हलवला नाही तर कोर्टाला ते कळणार कसं? सुधारलेल्या माणसाचा हक्क असा दुसऱ्याच्या टेबलावर ठेवणं बरोबर नाही. तोवर एकच उपाय उरतो, तो म्हणजे अधिकाऱ्याला भेटून लेखी विनंती द्यायची आणि पोच घ्यायची. कामाचा दाखला, हजेरीपत्रक आणि कोर्टाने नुकसानभरपाई लावली असेल तर ती भरल्याची पावती जोडायची. शेवटची पावती महत्त्वाची, कारण मार खाल्लेला माणूसही त्याच आळीत राहतो. देखरेखीतल्या माणसाला गरज पडल्यास काम मिळवून द्यायचा प्रयत्न करणं हे कलम १४ प्रमाणे अधिकाऱ्याचंच काम आहे, हेही फार थोड्यांना माहीत असतं. एमआयडीसीच्या दारात राहणाऱ्यांनी ते जरूर विचारावं.

संजय दत्तचं उदाहरण इथं लागू पडत नाही. त्याने बाँडवर सोडा म्हणून मागणी केली होती, ती २००७ मध्ये टाडा कोर्टाने आणि २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने नाकारली. २५ फेब्रुवारी २०१६ ला तो येरवड्यातून काही महिने आधी सुटला, ती तुरुंगातल्या वागणुकीबद्दलची शिक्षामाफी होती. ती तुरुंग आणि सरकारच्या हातात असते, बाँड रद्द करणं कोर्टाच्या.

फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभ एमआयडीसीत शेकडो किलो मेफेड्रोन सापडलं, तसल्या प्रकरणात तर हा रस्ताच बंद आहे. अमली पदार्थ कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे वय अठराच्या आत असेल, किंवा गुन्हा स्वतः नशा करण्यासारखा हलका असेल, तरच ही सवलत मिळते.

नोकरीचं काय? कलम १२ म्हणतं, अशा सुटकेत शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. मात्र दोषी ठरल्याची नोंद पुसली जात नाही आणि सरकारी खातं त्या वागणुकीवर कारवाई करू शकतं, असं सुप्रीम कोर्टाने १९९० मध्येच सांगून ठेवलंय. चारित्र्य पडताळणीचा फॉर्म भरताना केस लपवायची नाही, बाँडवर सुटल्याच्या आदेशाची प्रत सोबत द्यायची.

आणि अट मोडली तर? पहिल्या चुकीला कोर्ट पन्नास रुपयांपर्यंत दंडावर भागवू शकतं, नाहीतर मूळ गुन्ह्याची शिक्षाही देऊ शकतं. पन्नास रुपयांचा आकडा ऐकून कोणी हसू नये, कारण कोणता मार्ग घ्यायचा हे कोर्ट ठरवतं.