शिपाई बापाचे कागद

सैन्यातील नोकरी ही केवळ भाकरीची सोय होती, असे म्हणणारे आपल्यातही आहेत. मला ते मान्य नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज भासताच १९१७ साली १११ महार पलटण उभारली आणि १९२१ साली तीही मोडली. पुढे १९४१ साली बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. ती बंदूक भीक म्हणून मिळाली नव्हती.

माझे वडील याच रेजिमेंटमधून १९७१ च्या युद्धात लढले. पलटणीत सर्वांच्या पंगतीला जेवलेला हा माणूस पेन्शनीवर गावी आला, तेव्हा चावडीत त्यास जोड्यांजवळची जागा दाखविण्यात आली. ते बसले नाहीत; काम होईतो उभेच राहिले. युद्धाविषयी ते क्वचितच बोलत. माझ्या लॉ कॉलेजची फी मात्र त्या पेन्शनीतून वेळेवर जाई.

बंधुभगिनींनो, असे वृद्ध आपल्या अनेक घरांत आहेत, आणि त्यांच्या डिस्चार्ज बुकास पेटीत कसर लागत आहे. (वकिलास कागदाचा लोभ असतोच, म्हणा.) ते बाहेर काढा. पलटण, ठाणे, साल त्यांच्याच तोंडून उतरवून घ्या. उद्या विधवा मातेच्या पेन्शनीचा अर्ज करताना हेच कागद मागितले जातील.