बटणामागचा ब्रेक

दसऱ्याला आपण मोटारीला झेंडूची माळ घालतो, बॉनेटवर हळदकुंकू वाहतो, चाकांखाली लिंबे ठेवून ती चिरडतो आणि आपले कर्तव्य संपले असे मानतो. दिवाळीच्या तोंडावर तिला धुऊनपुसून लख्ख करतो. पण वाचकहो, ज्या वस्तूच्या भरवशावर आपण बायकामुलांना तिच्यात बसवतो, ती वस्तू आपल्यापैकी किती जणांनी डोळ्यांनी पाहिली आहे? चाकाच्या आड काजळी अंगावर घेऊन बसलेल्या त्या ब्रेक पॅडांना कोणी माळ घालत नाही. चार बोटांएवढा तो ऐवज, पण घाट उतरताना सारा संसार त्याच्या हवाली असतो.

या सदरासाठी यंदा विषय शोधावा लागला नाही. तो चार चाकांवर बसून दारात आला. भाचा गाडीतून उतरला तो तक्रार सांगतच. "मामा, ब्रेक दाबला की मागून किर्रर्र आवाज येतोय. जिथे नेहमी सर्व्हिसिंगला टाकतो ते म्हणतात, आता तुळशीच्या लग्नानंतर या. आणि मला तर भाऊबीजेला चिपळूणला ताईकडे जायचंय."

कराडहून चिपळूण म्हणजे मध्ये कुंभार्ली घाट. गाडीत त्याची बायको, दोन मुले आणि माझी थोरली बहीण. तेव्हा 'बघू नंतर' म्हणण्याची सोयच नव्हती.

मी विजेरी घेऊन चाकाच्या आऱ्यांमधून डोकावलो. बाहेरच्या बाजूचा पॅड दिसला. त्यावरचे लायनिंग ५ मिलिमीटरच्या आसपास असावे. नव्या पॅडावर ते साधारण १० मिलिमीटर असते, आणि ३ वर आले की पॅड बदलावा असा सर्वसाधारण दंडक आहे. मग ओरडत होते कोण? पुष्कळ पॅडांना पत्र्याची एक लहानशी जीभ असते. लायनिंग झिजत आले की ती जीभ फिरत्या डिस्कला घासते आणि किंचाळते. ती किंचाळावी म्हणूनच तिथे बसवलेली असते. बाहेरचा पॅड बरा आणि तरी जीभ ओरडते, याचा अर्थ आतल्या बाजूला काहीतरी वेगळेच शिजत होते.

गाडी आमच्या आळीतल्या मिस्त्रींकडे नेली. या गृहस्थाची ४० वर्षे गाड्यांखाली आडवे पडण्यात गेली आहेत. चाकाचे बेअरिंग गेले की नाही हे ते गाडी वळणावर असतानाच सांगतात. त्यांनी ऐकून घेतले आणि हसले. "मास्तर, त्यात काय एवढं? चाक काढायचं, कॅलिपर उचलायचा, पिस्टन मागं दाबायचा, नवे पॅड बसवायचे. तासाभराचं काम." असे म्हणत त्यांनी फळीवरचा शिकंजा हातात घेतलासुद्धा.

मी म्हटले, "मिस्त्री, जरा थांबा. या गाडीला हातब्रेकचा दांडा कुठे आहे तो दाखवा."

त्यांनी आत वाकून पाहिले. दांडा नव्हता. दोन सीटांच्या मध्ये नखाएवढे एक बटण होते.

सगळा घोटाळा आहे तो या बटणात. दांड्याचा कारभार उघडा होता. दांडा ओढला की तार ताणली जायची, तार मागच्या चाकांवरचा ब्रेक आवळायची. तार सैल झाली तर हाताला कळायचे. ही तार काढून तिथे वीज आणण्याचा उद्योग मोठ्या प्रमाणावर सुरू झाला तो या शतकाच्या आरंभी. २००१ साली आलेल्या बी.एम.डब्ल्यू.च्या सेव्हन सिरीज गाडीत असा विजेचा पार्किंग ब्रेक होता. तेव्हा ती श्रीमंताघरची चैन होती. आज आपल्या रस्त्यांवरच्या मध्यम किमतीच्या गाड्यांतही ते बटण येऊन बसले आहे.

त्याची करणी अशी. मागच्या प्रत्येक कॅलिपरच्या पाठीला विजेची एक छोटी मोटर चिकटवलेली असते. बटण ओढले की मोटर फिरते, तिच्या दातेरी चाकांनी वेग कमी होऊन जोर वाढतो आणि पिस्टनच्या पोटातला एक स्क्रू फिरू लागतो. स्क्रूवरचा नट पुढे सरकतो, पिस्टनला आतून रेटतो आणि पॅड डिस्कला घट्ट धरतात. स्क्रूचे आटे असे असतात की मोटर थांबली तरी तो आपोआप उलटा फिरत नाही. म्हणून बॅटरी उतरली तरी लावलेला ब्रेक सुटत नाही. पायाने ब्रेक दाबता तेव्हा मात्र हाच पिस्टन नेहमीप्रमाणे ब्रेक ऑइलच्या दाबाने पुढे येतो. एकाच पिस्टनला दोन धनी झाले, एक तेल आणि दुसरा स्क्रू.

आता शिकंजा लावून त्या पिस्टनला मागे दाबले तर काय होईल? तेल बिचारे निमूटपणे टाकीत परत जाईल. पण स्क्रूवरचा नट पुढे आलेला असला तर तो हटणार नाही. दाराला आतून कडी असताना खांद्याने ढकलले तर दार उघडत नाही, चौकट मोडते. तसेच इथे आटे किंवा दातेरी चाके मोडतात, आणि पॅडांच्या कित्येक पट किमतीचा कॅलिपर बदलावा लागतो. म्हणून आधी आतल्याला सांगायचे, बाबा, कडी काढ. ते सांगण्याची गाडीगणिक वेगळी रीत असते. काही गाड्यांत बटण आणि पेडल ठरावीक क्रमाने दाबले की मोटर नट पार मागे घेते. काहींना स्कॅनर जोडून आज्ञा द्यावी लागते. भाच्याची गाडी दुसऱ्या जातीची निघाली.

मिस्त्रींचा चेहरा उतरला. "४० वर्षं ह्या हातांनी पिस्टन दाबले मास्तर. आता बटणाची परवानगी काढायची?" त्यांच्या बोलण्यात राग कमी आणि काळजी जास्त होती. बटणाच्या गाड्या त्यांच्या दारावरून पुढे जाऊ लागल्या होत्या, हे मला ठाऊक होते. त्यांचा नातू आय.टी.आय.त शिकतो. त्याने आपल्या पैशांनी एक स्कॅनर आणून ठेवला होता, पण आबांनी तो कपाटाबाहेर काढू दिला नव्हता. पोराने माझ्याकडे पाहिले, मी मिस्त्रींकडे पाहिले. मिस्त्रींनी शिकंजा खाली ठेवला आणि म्हणाले, "आण बाबा तुझी पेटी."

पुढचे काम कसे झाले ते क्रमाने सांगतो, कारण त्या क्रमातच त्याचे शहाणपण आहे. गाडी सपाट जागी उभी केली. कडी काढली म्हणजे मागची चाके मोकळी होणार, म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावले आणि गाडी गिअरमध्ये ठेवली. चाकांचे नट जमिनीवरच सैल केले, मग गाडी उचलून मजबूत स्टँडांवर टेकवली, कारण नुसत्या जॅकच्या भरवशावर असलेल्या गाडीखाली हात घालणे म्हणजे जिवाशी खेळ. नातवाने स्कॅनरवरून आज्ञा दिली. मागून गुं गुं असा बारीक आवाज आला आणि पडद्यावर दुरुस्तीची स्थिती आल्याचा निरोप उमटला. तेव्हा भाच्याकडून किल्ली घेऊन मी माझ्या खिशात टाकली. कॅलिपर उघडा असताना कोणी ते बटण ओढले तर पिस्टन बाहेर येऊ शकतो, आणि मध्ये बोट असेल तर बोट जाईल.

मग मिस्त्रींचे हात चालू लागले. कॅलिपर उचलला, पण तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळू न देता तारेने बांधून ठेवला. धूळ फुंकून उडवली नाही, ओल्या फडक्याने टिपली, कारण ती फुप्फुसात जायची वस्तू नव्हे. आणि मग आतला पॅड बाहेर आला. बाहेरच्यावर ५ मिलिमीटर लायनिंग, आतल्यावर दीडसुद्धा नाही!

नातवाने स्कॅनर पुन्हा पाहिला. "आबा, यात तर काहीच दोष दाखवत नाही."

"त्याला कसा दाखवेल?" मिस्त्री म्हणाले, "त्याला हात नाहीत." त्यांनी कॅलिपर ज्या दोन पिनांवर पुढेमागे सरकतो त्या दोन बोटांत धरून पाहिल्या. एक लोण्यासारखी सरकली, दुसरी गंजून जागच्या जागी बसली होती. कॅलिपर सरकत नाही म्हटल्यावर बाहेरचा पॅड डिस्कला पुरता लागतच नव्हता आणि आतला एकटाच राबत होता. नुसते नवे पॅड घालून गाडी परत दिली असती, तर नवा आतला पॅडही तसाच वेळेआधी झिजला असता. पिन काढून साफ केली, तिचा रबरी टोप बदलला, आणि रबराला चालणारे सिलिकोनचे ग्रीस लावले. साध्या ग्रीसने तो रबर फुगतो.

आता कुठे शिकंजा कामाला आला. तारेच्या हातब्रेकच्या पुष्कळ गाड्यांत मागचा पिस्टन फिरवत फिरवत आत घालावा लागे. या मोटरवाल्यांत तो बहुधा सरळच दाबायचा असतो. मिस्त्रींनी बेताबेताने दाबला आणि नातू वर तेलाच्या टाकीवर लक्ष ठेवून राहिला, कारण पिस्टन मागे जातो तशी टाकीतली पातळी चढते, आणि ते तेल सांडले तर रंग खाते. दुसऱ्या चाकालाही हेच सोपस्कार झाले. पॅड दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या मापानेच आवळले. मग पेडल घट्ट लागेपर्यंत दाबले, तेलाची पातळी पाहिली, आणि त्यानंतरच स्कॅनरवरून दुरुस्तीची स्थिती बंद केली. मोटरने नव्या पॅडांची जाडी आपली आपण चाचपून घेतली. सूचनेचा दिवा विझला.

तासाभराचे काम अडीच तासांचे झाले. पण त्या अडीच तासांत दोन पिढ्या एका चाकापाशी बसल्या होत्या, आणि एकीवाचून दुसरीचे अडत होते. स्कॅनर नसता तर कॅलिपर मोडला असता, आणि हात नसते तर पिन सापडली नसती. 'आता सगळे यंत्रच सांगते' असे म्हणणाऱ्यांना आणि 'आमच्या वेळी यंत्र कुठे होते' असे म्हणणाऱ्यांना, दोघांनाही मी त्या गॅरेजात नेऊन बसवीन म्हणतो. मजुरी घेताना मिस्त्रींनी प्रथमच नातवाला विचारले, "पेटीचे किती लावायचे रे?" त्या एका प्रश्नात त्यांच्या गॅरेजचे पुढचे दिवस होते.

वाचकहो, तुमच्या गाडीला ते बटण असेल तर दिवाळीच्या फराळाआधी एवढे करा. गाडीची पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढा आणि पार्किंग ब्रेकचे पान वाचा. चालत्या गाडीत पायाचा ब्रेक दगा देऊ लागला, तर हेच बटण धरून ठेवून गाडी थांबवण्याची सोय बहुतेक गाड्यांत असते. तुमच्या गाडीत ती कशी आहे हे घाटात शोधू नका, घरी वाचा. पॅड बदलायला द्याल तेव्हा मिस्त्रींना दोनच प्रश्न विचारा. पिस्टन दाबण्यापूर्वी मोटर मागे घेतली का? आणि पिना सरकतात का? जुने पॅड मागून घ्या आणि आतला-बाहेरचा शेजारी ठेवून पाहा. नवे पॅड बसल्यावर मोकळ्या रस्त्यावर बेताच्या वेगात हलके हलके ब्रेक लावून ते डिस्कवर बसू द्या आणि पहिले दोन-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक दाबण्याचा प्रसंग टाळा. आणि घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरा, म्हणजे सारा भार त्या चार बोटांएवढ्या पॅडांवर पडणार नाही.

बटण एका बोटाने दाबता येते, ही सोय झाली. पण त्याच्यामागे काय चालले आहे याची चौकशी करण्याचे काम बटणाने आपल्याकडेच ठेवले आहे. ते दुसऱ्या कोणावर टाकता येत नाही.