यादीत नसलेलं दुखणं

“ताई, लिव्हर खराब झालंय म्हणजे अपंगाचं सर्टिफिकेट मिळेल ना?” असं कुणी विचारलं की आधी ‘नाही’ म्हणावं लागतं, आणि ते फार जड जातं. २०१६ साली दिव्यांगांचा नवा कायदा झाला, पूर्वीचे सात प्रकार एकवीस झाले. हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल त्यात आले. यकृताचा आजार नाही. सिरॉसिसने पोटात पाणी होतं, चार पायऱ्या चढल्या की धाप लागते, पुढेपुढे बोलताना शब्दही सापडत नाहीत. पण हातपाय शाबूत दिसतात ना! त्यातून लिव्हर म्हटलं की, “घरात पितात वाटतं?” हेपेटायटिस बी-सीने, नुसत्या चरबीनेही लिव्हर जातं हो. दारूचा थेंब न शिवलेल्या बायकांनी हे का ऐकावं?

मग दार कोणतं? संजय गांधी निराधार अनुदान योजना. ती फक्त विधवांसाठी, हा समज आधी काढून टाका. क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग ‘यासारख्या’ दुर्धर आजारामुळे चरितार्थ चालवू न शकणाऱ्या स्त्री-पुरुषांनाही ती आहे. हा ‘यासारख्या’ शब्द मी घट्ट धरून ठेवते. वाढलेला सिरॉसिस त्यात बसलाच पाहिजे, असं माझं ठाम मत. तरी ‘यादीत नाव नाही’ म्हणून खिडकीवरूनच कागद परत येतात. म्हणून सरकारी रुग्णालयाच्या दाखल्यावर आजाराचं नुसतं नाव नको. या आजारामुळे काम करून पोट भरता येत नाही, हे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या. अर्ज तहसील कार्यालयात द्या, पोच घ्या, नकारही लेखीच मागा.

उत्पन्नाची अट मात्र जाचक. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवं, नाहीतर कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत. म्हणजे दिवसाला साठ रुपयेसुद्धा नाहीत! एवढं करून हाती येतात महिन्याला दीड हजार. याच योजनेत दिव्यांगांची रक्कम २०२५ मध्ये अडीच हजार झाली. ती व्हायलाच हवी होती. पण अंथरुणाला खिळलेल्या लिव्हरच्या रुग्णाला हजार रुपये कमी का?

कायद्याच्या परिशिष्टात ‘केंद्र सरकार अधिसूचित करील असा अन्य प्रकार’ अशी जागा ठेवलेली आहे. म्हणजे संसदेत नवा कायदा न करताही यकृताचा आजार यादीत घालता येईल. आपल्या महिला मंडळाच्या कार्यक्रमाला खासदार येतातच. या वेळी शाल-श्रीफळासोबत एवढ्या मागणीचं निवेदनही त्यांच्या हातात देऊ या.