मातीची गाडी

संसारातील खर्चाविषयी या सदरात आजवर पुष्कळ लिहून झाले. घराची डागडुजी, लग्नकार्य, मुलांचे शिक्षण, उतारवयातील औषधपाणी. परंतु अकोट्याच्या एका वाचक भगिनींनी गेल्या महिन्यात जो प्रश्न आमच्यापुढे ठेवला, तो पूर्वी कोणी विचारल्याचे स्मरत नाही. त्यांचे चिरंजीव अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास आहेत आणि त्यांना 'डर्ट बाइक' हवी आहे. म्हणजे डांबरी रस्त्यावर नव्हे, तर माळ, चढ, चिखल आणि दगडधोंडे यांतून पळविण्याची मोटारसायकल. आजोबा नातवासाठी आपली मुदतठेव मोडावयास तयार झाले आहेत. ठेव मोडली की प्रश्न मिटला, असे आजोबा आणि नातू या दोघांनाही वाटते. मातोश्रींना मात्र तसे वाटत नाही. त्या विचारतात, गाडी घरात आल्यावर तिला पुढे काय काय लागते?

मातीत पळणारी गाडी म्हटल्यावर मराठी माणसास 'मृच्छकटिक' आठवणारच. देवलांनी मराठी रंगभूमीवर आणलेल्या त्या नाटकाचे नावच एका लहान मुलाच्या हट्टावरून पडले आहे. चारुदत्ताचा रोहसेन मातीची गाडी नको, सोन्याची हवी म्हणून रडतो आणि वसंतसेना आपल्या अंगावरचे दागिने उतरवून त्या मातीच्या गाडीत भरते. आजच्या रोहसेनाला सोन्याची नको, मातीचीच हवी आहे; दागिने मात्र हिच्यातही भरावे लागतात, आणि एकदा भरून भागत नाही.

हा नाद आकाशातून पडलेला नाही. इंग्लंडात कॅम्बर्ली येथे १९२४ साली रानमाळावरून मोटारसायकली पळविण्याची शर्यत झाली. तिला तिकडे 'स्क्रॅम्बल' म्हणत. त्याच खेळास पुढे 'मोटोक्रॉस' हे नाव मिळाले. आपल्याकडे ज्यांची तरुणाई जावा, येझदी आणि राजदूत यांच्यावर गेली, त्यांना या वेडाची थोडीफार कल्पना असेल. डाकार रॅलीसारखी जगातील खडतर शर्यत सी. एस. संतोष या भारतीय स्वाराने २०१५ साली पुरी केली. २०२४ च्या जानेवारीत पुण्यास, आणि फेब्रुवारीत थेट अहमदाबादेस, भरगच्च प्रेक्षकांपुढे सुपरक्रॉसच्या लढती झाल्या. बडोद्यापासून अहमदाबाद ते किती! तेव्हा अकोट्याच्या मुलाने असा हट्ट धरला तर त्यात नवल नाही, आणि त्यासाठी त्यास नावे ठेवण्याचेही कारण नाही.

आधी एक भेद ध्यानात घ्यावा. या गाड्यांत दोन जाती आहेत. पहिली, रस्त्यावर आणि रस्त्याबाहेर अशी दोन्हीकडे चालणारी. हिरोची एक्सपल्स २०० ही २०१९ साली निघालेली गाडी या जातीची. जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच, पुढचे चाक २१ इंची, आणि दिवे, आरसे, क्रमांकाची पाटी असे सारे असलेली. दुसरी जात निव्वळ स्पर्धेची. कावासाकीची केएक्स २५० ही तशी. किंमत सात लाखांच्या पुढे, आणि तिला ना दिवा ना भोंगा. तिची आरटीओकडे नोंदणीच होत नाही. अकोट्याच्या घरातून बाहेर काढून समोरच्या रस्त्यावर फिरविणेदेखील तिच्या बाबतीत बेकायदा. टेम्पोत घालून मैदानावर न्यावी लागते आणि टेम्पोतूनच परत आणावी लागते. ते भाडे जमाखर्चात धरावयास कोणी विसरू नये. ज्या घरांत मुले अठराच्या आतली आहेत त्यांच्यासाठी जाता जाता सांगतो: अल्पवयीनाच्या हाती गाडी दिल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे पालकास पंचवीस हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते.

आता मूळ प्रश्न. आपल्या घरची मोटारसायकल किलोमीटर मोजते. स्पर्धेची डर्ट बाइक तास मोजते. वडील कामावर जातात त्या गाडीचे तेल तीन ते सहा हजार किलोमीटरला बदलले की झाले, म्हणजे वर्षातून एकदोनदा. स्पर्धेच्या गाडीचे तेल दहापंधरा तासांनी बदलावयाचे असते. वर्षात चाळीस रविवार, प्रत्येकी तीन तास, असे धरले तर एकशे वीस तास होतात. म्हणजे दर दहा तासांस एक याप्रमाणे बारा वेळा तेल. चांगले तेल आज लिटरला चारशे ते हजार रुपये पडते. गाडीला साधारण लिटरभर लागते असे धरले तरी नुसत्या तेलाचेच पाच ते बारा हजार झाले. पिस्टनसुद्धा तिथे तासांच्या हिशेबाने बदलतात, तो मोडेपर्यंत थांबत नाहीत. दोन-स्ट्रोक इंजिनात ते काम सोपे आणि स्वस्त असते. चार-स्ट्रोकमध्ये पिस्टन फुटला तर तो आपल्याबरोबर व्हॉल्व्ह, हेड आणि सिलिंडर यांनाही घेऊन जातो. मग बिल हजारांत राहत नाही. एक्सपल्ससारख्या गाडीचे इंजिन एवढे नाजूक नसते, परंतु तिलाही दर रविवारी मातीत घातले, तर पुस्तिकेत दिलेली मुदत निम्म्यावर आणावी हे बरे.

इंजिनाचा खरा शत्रू वेग नव्हे, धूळ आहे. आणि धुळीच्या बाबतीत आपला मुलूख श्रीमंत. महीकाठची गोराडू माती पिकाला उत्तम, पण वाळली की पिठासारखी उडते. सिंधरोटकडे महीच्या कोतरांत उन्हाळ्यात एखादी गाडी पुढे गेली की मागच्याला काही काळ काहीच दिसत नाही. ती धूळ एअर फिल्टर अडवितो. या गाड्यांत बहुधा स्पंजाचा फिल्टर असतो आणि त्याला खास चिकट तेल लावलेले असते. धूळ त्या तेलाला चिकटते. धुळीत एक दिवस गाडी फिरली की तो काढावा, साबणाच्या कोमट पाण्यात दाबून दाबून धुवावा (पिळू नये, फाटतो), सावलीत पूर्ण वाळवावा, पुन्हा तेल चोळावे आणि कडा नीट बसल्या आहेत की नाहीत ते पाहून मग झाकण लावावे. काम अर्ध्या तासाचे. ते दोनतीन रविवार टाळले तर तीच धूळ आत जाऊन पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासून काढते. धूर येऊ लागतो, ताकद जाते. साबणाच्या वडीने जे वाचले असते त्यासाठी मग इंजिन खोलावे लागते. आमचा सल्ला असा की असे दोन फिल्टर घ्यावेत. एक वाळत असता दुसरा गाडीत.

धुणे हाही एक विषयच आहे. पावसाळ्यात डभोईच्या बाजूची काळी माती चाकांत आणि मडगार्डखाली अशी बसते की गाडी वजनाने दुप्पट वाटावी. ती वाळण्यापूर्वी काढावी. पण सर्व्हिसिंगच्या पंपाचा जोरदार फवारा चाकांच्या बेअरिंगांवर, चेनवर आणि फोर्कच्या सीलवर धरू नये. चिखल जातो, आणि ग्रीसही जाते. धुऊन झाल्यावर चेन पुसून तिला तेल द्यावे आणि तिची ढील पाहावी. स्प्रॉकेटचे दात एका बाजूस झुकून आकड्यासारखे दिसू लागले की चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलावीत. नव्या चेनला जुने दात महिन्याभरात खातात. तारांच्या चाकांचे स्पोक उड्यांनी सैल होतात. प्रत्येक तारेवर पान्याने हलके टिचकी मारावी. ताणलेली तार खणखणीत बोलते, सैल तार बोदी वाजते. बडोद्याच्या घरात हे फार समजावून सांगावयास नको. तंबोरा लावण्याइतकाच कान त्याला लागतो. वेळेवर आवळले तर मिनिटांचे काम, नाहीतर रिमचा आऊट काढण्यासाठी दुकान गाठावे लागते.

बाकीचे थोडक्यात. खाचाखाचांचे टायर मातीत टिकतात आणि डांबरावर झपाट्याने झिजतात. घरापासून कोतरापर्यंतचा पक्का रस्ताच त्यांचे अर्धे आयुष्य खातो. फोर्कचे सील गळू लागले तर ते तेल पुढच्या ब्रेकवर उतरते, म्हणून तिथे चालढकल नको. गाडी पडणारच, तेव्हा क्लच आणि ब्रेक यांचे लिव्हर घरात जास्तीचे असावेत. हेल्मेट, गुडघ्याचे आणि कोपरांचे संरक्षक, घोट्यावरपर्यंतचे बूट हे गाडीच्या किमतीतच धरावेत, पुढे कधीतरी घेऊ असे म्हणू नये. कोतरांतील जमिनी कोणाच्या तरी मालकीच्या असतात, जांबुघोडा हे अभयारण्य आहे. मुभा न घेता दोन्हीकडे गाडी घालणे म्हणजे भांडण विकत घेणे.

या साऱ्यावरून आमच्या भगिनींना आम्ही काय सांगावे? मुलास गाडी देऊ नका असे आम्ही सांगणार नाही. मात्र आजोबांची ठेव पुरी मोडू नये. जी ठेव व्याज देत होती तीच गाडीत गेली तर गाडीची किंमत भागते, पण तिच्या पुढील खुराकास हक्काचा पैसा उरत नाही. आणि खुराक न मिळालेली ही गाडी साध्या गाडीहून लवकर भंगारात जाते. आमच्या मते निम्मीच ठेव मोडावी, तेवढ्यात मिळेल ती नोंदणी होणारी जुनी गाडी घ्यावी, आणि उरलेल्या निम्म्या ठेवीचे व्याज तेल, चेन, टायर यांसाठी ठेवावे. दुसरे असे की, गाडी येण्यापूर्वी तीन महिने चिरंजीवांनी वडिलांच्या गाडीचा फिल्टर, तेल आणि चेन स्वतःच्या हातांनी सांभाळून दाखवावी. रविवारी तीन तास गाडी चालविली की दीडदोन तास तिच्यापाशी बसावे लागते. परीक्षेच्या महिन्यात ते दोन तास कोणाचे, हे आजोबांनी नातवाला प्रेमाने पण स्पष्ट विचारावे. एरवी ते काम कोणाच्या गळ्यात पडेल हे पत्र लिहिणाऱ्या मातोश्रींनी बरोबर ओळखले आहे, असे त्यांच्या अक्षराच्या वळणावरून आम्हांस वाटले.

जुनी गाडी पाहावयास जाल तेव्हा रंगाकडे पाहू नका. एअर फिल्टर काढावयास सांगा आणि त्याच्या पलीकडे, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत, बोट फिरवा. बोटाला रेती लागली तर नमस्कार करून परत या. मागचे चाक उचलून आडवे हलवून पाहा. खडखडले तर बेअरिंगे गेली आहेत. इंजिन गार असतानाच पहिल्यांदा सुरू करावयास लावा. विकणारा आधीच तापवून ठेवतो तो उगाच नव्हे.

पत्राच्या शेवटी त्या लिहितात की गाडी तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये ठेवता येईल. इथे एक इशारा द्यावासा वाटतो. २०२४ च्या ऑगस्ट अखेरीस विश्वामित्रीने धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर मजल मारली आणि नदीकाठच्या वस्त्यांतील कितीतरी गाड्या जागच्या जागी पाण्यात गेल्या. पूर ओसरल्यावर अनेकांनी पहिली गोष्ट केली ती किक मारण्याची, आणि नुकसान खरे तेव्हा झाले. पाण्यात बुडालेली गाडी, मग ती डर्ट बाइक असो वा साधी स्कूटर, सुरू करून पाहू नये; सिलिंडरात पाणी असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी सोडवावी, स्पार्क प्लग काढावा, इंजिन हळूहळू फिरवून पाणी बाहेर येऊ द्यावे. तेल दुधाच्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. ते काढून नवे घालावे, थोडे चालवून तेही काढावे आणि पुन्हा घालावे. टाकीतले पेट्रोल, एअर फिल्टर, ब्रेक आणि चाकांची बेअरिंगे हे सारे त्यानंतर तपासावे. आणि या सर्वांआधी, गाडीला हात लावण्यापूर्वीच, ती आहे त्या स्थितीत तिची छायाचित्रे काढून विमा कंपनीस कळवावे. पाणी शिरल्यावर इंजिन चालू केले होते असे आढळल्यास साध्या पॉलिसीत ते नुकसान भरून मिळत नाही, त्यासाठी इंजिनाच्या संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते.