"मस्त झालीये!" म्हणणाऱ्यांनो, आता पुरे

गेल्या महिन्यात मी माझ्या सगळ्यात जुन्या मित्राशी खोटं बोललो. तेही फक्त तीन शब्दांत. "मस्त झालीये रे!" तेव्हापासून स्वतःवर जो चरफडतोय, तो राग आज इथे काढतोय. नातेवाईकांनी वाईट वाटून घेऊ नये, कारण त्या संध्याकाळी तुम्हीही तेच बोललात :)

तर झालं असं. मित्र न्यू जर्सीहून सुट्टीवर आला. बॅगेत टॉवेलात गुंडाळलेल्या चार बाटल्या, स्वतः बनवलेल्या बिअरच्या. खोपटला आमच्या घरी बैठक जमली. खाली एसटी डेपोतल्या गाड्यांची घरघर, समोर बशीत चकल्या आणि खारे दाणे. "जर्मन पिल्सनर आहे," तो म्हणाला. दिसायला सुरेख होती. सोनेरी, नितळ, वर पांढरा फेस. ग्लास नाकाशी नेला आणि पहिला वास आला तो बटरस्कॉचच्या गोळीचा. घोट घेतला तर जिभेवर लोण्याचा बुळबुळीत थर.

काका म्हणाले, "दुकानातल्यापेक्षा भारी!" वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा बिअरला ओठ लावले असतील, त्या म्हणाल्या, "छान आहे हो, गोडसर." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिकडे होतो तेव्हा मीही बनवायचो ना! आणि मी ते तीन शब्द बोललो.

त्यावर तो खुशीत येऊन म्हणाला, "नोकरी सोडून छोटी ब्रुअरी काढायचा विचार आहे. म्हातारपणासाठी ठेवलेले पैसे घालीन म्हणतो. तुम्हाला आवडली म्हणजे हरकत नाही."

चकली घशात अडकणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

आता थोडं मागे जातो. तिकडे हा छंद उघड चालतो. १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरला कर माफ झाला. दोन प्रौढ माणसांच्या घरात वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण साडेसातशे लिटरपर्यंत. (आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी बनवता येत नाही, म्हणून परत आल्यापासून मी फक्त पिणारा.) माझी पहिली बॅच २००६ सालची. ती चाखून याच मित्राने तोंड वाकडं केलं. "अरे, जखमेवर लावायच्या पट्टीचा वास येतोय. नळाचं पाणी तसंच वापरलंस का?" तसंच वापरलं होतं. पाण्यातल्या क्लोरीनचा फेनॉलशी संयोग झाला की हा वास येतो, आणि तो अगदी कणभर असला तरी नाकाला कळतो. मी दोन दिवस फुगून बसलो. पुढच्या खेपेला पाण्यातला क्लोरीन मारणारी गोळी टाकली. वास गेला!

म्हणजे त्याने न्यू जर्सीत मला खरं सांगितलं आणि मी खोपटात त्याला खोटं. याला पाहुणचार म्हणायचं?

तुम्ही म्हणाल, पानातल्या अन्नाला नावं ठेवू नयेत असे आपले संस्कार आहेत. मान्य. पण तो नियम जेवायला आलेल्या पाहुण्यासाठी आहे. ज्याला ती कला येते आणि ज्याच्यापुढे मत विचारण्यासाठी ग्लास ठेवलाय, तो पाहुणा नसतो. काका आणि वहिनींना मी सोडून दिलं, त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. गाणं शिकणाऱ्याचा स्वर उतरला तर गुरू "वा वा" करत बसतो का? कौतुक करून आपण समोरच्याला जपत नाही हो, आपण स्वतःला जपतो. त्याचा पडलेला चेहरा आपल्याला बघवत नाही, एवढंच.

दुसऱ्या टोकाची मंडळीही मला माहीत आहेत. एक घोट घेऊन "छे, यात दम नाही" म्हणणारी. त्यांचाही उपयोग शून्य. दम नाही म्हणजे काय नाही?

खरं सांगण्याची एक रीत आहे. आधी विचारायचं, काय बनवायचं होतं? केळ्याचा वास जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये हवाच असतो, पिल्सनरमध्ये तो दोष. लोण्याची पुसट छटा चेक पिल्सनरमध्ये चालून जाते, जर्मनमध्ये नाही. तिकडच्या स्पर्धांत परीक्षक ५० पैकी गुण देतात. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १०. रूपाला फक्त तीन! आम्ही मात्र सोनेरी रंगावरच भाळलो होतो. म्हणून आधी वास, मग घोट. "मला आवडली नाही" म्हणायचं नाही, "मला बटरस्कॉच लागतंय" म्हणायचं. आणि मग कारण शोधायला त्याच्याबरोबर बसायचं.

हा वास डायसेटिलचा. आंबताना तो तयार होतोच, पण यीस्टला वेळ दिला तर तेच त्याला संपवतं. घाईने थंड केली की तो तसाच राहतो. उपाय साधा आहे. दहा-बारा अंशांवर आंबवत असाल तर शेवटी सोळा-अठरावर नेऊन दोन-तीन दिवस ठेवायची. अर्थात नळीत किंवा पिंपात जंतू शिरले तरी हाच वास येतो, म्हणून छातीठोकपणे सांगू नये, विचारावं.

एवढंच सांगायचं होतं. पाच मिनिटांचं काम! आणि मी चकल्या खात बसलो.

तो परत गेल्यावर आठवड्याने फोन केला. सगळं सांगितलं. खोटं बोललो हेही सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "तेव्हाच का नाही बोललास? तिथे अजून दोन बाटल्या होत्या, एकत्र चाखून बघितल्या असत्या."

वासाबद्दल तो एक शब्द बोलला नाही. चिडला होता तो माझ्या गप्प बसण्यावर. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही. ब्रुअरीचं काय ठरवलं तेही माहीत नाही. २००६ साली मी दोन दिवस फुगलो होतो, तो जरा जास्त दिवस फुगेल. त्याचा तो हक्क आहे.

असो. पुढच्या वेळी कुणी आपल्या हातची वस्तू पुढे करून "कशी झालीये?" विचारलं, तर निदान त्याला येतं तेवढं तरी आपल्याला येत असेल तेव्हा, "मस्त" म्हणायच्या आधी एक घोट आणखी घ्या.