शर्यतीच्या बॅगेत पेनकिलर नको

आल्प्समध्ये धावायला किंवा सायकल चालवायला जाणारी हौशी मराठी मंडळी हल्ली बरीच दिसतात. वय साधारण चाळीस ते साठ, दोन-तीन मॅरेथॉन झालेल्या, तयारी मनापासून केलेली. निघण्याआधी फिटनेस सर्टिफिकेट घ्यायला येतात आणि उठता उठता विचारतात, "डॉक्टर, पेनकिलर कोणती नेऊ?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या गटातली कोणतीही गोळी शर्यतीआधी किंवा शर्यतीत घ्यायची नाही. ऐकून चेहरे पडतात, कारण व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी "स्टार्टला एक, मध्यावर एक" असा डोस आधीच सांगून ठेवलेला असतो. ज्यांनी कधी कुणाचं क्रिएटिनिन तपासलेलं नाही, ते हा सल्ला बिनधास्त देतात याचा मला राग येतो. का, ते समजावून सांगतो.

उतार जास्त महागात पडतो

फ्रान्समधल्या शामोनीहून निघून इटली आणि स्वित्झर्लंडमार्गे माँ ब्लाँ पर्वताला वळसा घालणारी यूटीएमबी ही शर्यत २००३ साली सुरू झाली. अंतर सुमारे १७० किलोमीटर, चढ साधारण १०,००० मीटर, वेळेची मर्यादा साडेसेहेचाळीस तास. सिंहगडाचा पायथ्यापासूनचा चढ ६०० मीटर धरला, तर हा गड सोळा-सतरा वेळा चढण्याचा हिशोब झाला. शर्यत शामोनीतच संपते, म्हणजे जेवढा चढ तेवढाच उतार.

सगळे चढाला घाबरतात. पण उतरताना मांडीचे स्नायू ब्रेकसारखं काम करतात. ताणले जात असतानाच त्यांना वजन पेलावं लागतं, आणि त्यात स्नायूंचे तंतू तुटतात. तुटलेल्या तंतूंमधून मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात येतं. ते गाळून बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं. त्याच वेळी घामाने शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं आणि रक्त पायांकडे वळलेलं असतं. म्हणजे मूत्रपिंडांना काम जास्त आणि रक्तपुरवठा कमी.

अशा वेळी मूत्रपिंड आपल्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवण्यासाठी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं वापरतं. वर सांगितलेल्या गोळ्या नेमकी हीच रसायनं बनू देत नाहीत. दुखणं कमी होतं ते त्यामुळेच, आणि मूत्रपिंडाचा आधार जातो तोही त्यामुळेच. जठराच्या आवरणाचं रक्षणही याच रसायनांवर अवलंबून असल्याने उलट्या आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. लघवीवाटे पाणी कमी बाहेर पडतं. त्यात भरमसाट पाणी प्यायलं, तर रक्तातलं सोडियम घसरून माणूस गोंधळतो, क्वचित त्याला फिट येते.

सायकलवाल्यांनी निश्चिंत होऊ नये. फ्रान्समधली मारमोत सुमारे १७० किलोमीटर आणि ५,००० मीटर चढाची, शेवटी आल्प द्युएझचा २१ वळणांचा घाट. सायकलवर स्नायू कमी तुटतात हे खरं, पण उन्हात घाम तेवढाच जातो आणि मूत्रपिंड तेच असतं.

"मी नेहमी घेतो, काही होत नाही"

होत नाही असं वाटतं, कारण कुणी तपासत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ८९ धावपटूंपैकी काहींना ८० किलोमीटरच्या टप्प्यात दर चार तासांनी ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन दिलं आणि बाकीच्यांना बिनऔषधी गोळी. मूत्रपिंडाला तात्पुरती इजा झालेल्यांचं प्रमाण गोळीवाल्यांत ५२ टक्के, दुसऱ्या गटात ३४ टक्के. चाचणी लहान होती, एवढ्यावरून अखेरचा निकाल देता येत नाही, आणि बहुतेकांची मूत्रपिंडं पूर्ववत होतात हेही मान्य. पण सुरक्षिततेचा पुरावा तर नक्कीच मिळाला नाही. कॅलिफोर्नियातल्या १६० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीच्या अभ्यासात तर आयब्युप्रोफेन घेणाऱ्यांचे स्नायू इतरांइतकेच दुखले. मग धोका कशासाठी पत्करायचा?

बीपीची गोळी चालू असेल तर

टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखी गोळी, सोबत लघवी वाढवणारं औषध आणि त्यावर पेनकिलर, हे त्रिकूट मूत्रपिंडासाठी विशेष वाईट. पन्नाशीतल्या अनेकांच्या बीपीच्या एकाच गोळीत यातली पहिली दोन औषधं असतात. पट्टीवरची नावं वाचा. बीपीची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. शर्यतीच्या दिवशी काय करायचं ते तुमच्या डॉक्टरांना महिनाभर आधी विचारा.

मग दुखलं तर?

- दोन्ही मांड्या सारख्या भरून आल्या असतील तर वेग कमी करा, खा, तहानेप्रमाणे प्या.
- एकाच जागी दुखतंय, वाढतंय, चाल बदलली आहे, तर पुढच्या मदत केंद्रावर थांबा.
- डोकं दुखलं तर साधी पॅरासिटामॉल एखादी चालेल. पण कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेनही असतं, हे लक्षात ठेवा. उंचीवर डोकेदुखीसोबत मळमळ किंवा तोल जाणं असेल तर गोळी घेऊन वर चढू नका, खाली उतरा.
- शर्यतीनंतरही पोटात पाणी टिकून लघवी नेहमीसारखी होईपर्यंत पेनकिलर नको.
- लघवी काळ्या चहासारखी झाली, बरेच तास झालीच नाही, किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर थेट हॉस्पिटल गाठा.
- तयारीच्या महिन्यांत उतरण्याचाही सराव करा. गड चढून उतरताना गाडी पकडू नका. उताराची सवय झालेले स्नायू कमी तुटतात.

खरं कारण मला माहीत आहे. विमानाची तिकिटं, व्हिसा, रजा, वर्षभराची पहाटेची मेहनत, एवढं सगळं केल्यावर अर्ध्यात थांबायचं कसं, या भीतीने ही गोळी गिळली जाते. पण या शर्यतींत दरवर्षी कितीतरी तयारीचे लोक मध्येच थांबतात. आयोजकांनी ते गृहीत धरलेलं असतं आणि परत आणायची सोयही केलेली असते. नावनोंदणी पुढच्या वर्षी पुन्हा करता येते. त्यासाठी मूत्रपिंडं शाबूत हवीत. म्हणून बॅग भरताना गोळ्यांची ती पट्टी घरीच ठेवा, आणि ग्रुपवर डोस सांगणाऱ्याला हा लेख पाठवा.